स्वरतंतूतील इंजेक्शन बिघडल्यावर: दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेची टप्प्याटप्प्याने माहिती

एखादा स्वरतंतू लुळा पडला, वयोमानाने झिजला किंवा जुन्या व्रणामुळे आखडला, की बोलताना दोन्ही तंतू मधोमध नीट मिळत नाहीत. मधल्या फटीतून हवा निसटते, आवाज फुसका आणि दमलेला येतो, पाणी पिताना ठसका लागतो. अशा तंतूत एखादा भरीव पदार्थ टोचून त्याला मध्यरेषेकडे सरकवण्याचा उपचार आज सर्रास केला जातो आणि बहुतेकांना तो चांगला मानवतो. हा लेख मात्र ज्यांना तो मानवला नाही त्यांच्यासाठी आहे. इंजेक्शननंतर आवाज सुधारण्याऐवजी दाबलेला, कर्कश किंवा जवळजवळ बंद झाला, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी घशात गाठ निघाली, श्वास घेताना अडथळा वाटू लागला, आणि आता कोणी तरी दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला आहे, अशा रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, ते येथे सांगितले आहे.

दुरुस्तीची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे हातात हवीत. तंतूत कोणता पदार्थ टोचला होता? तो आज नेमक्या कोणत्या थरात बसला आहे? आणि ज्या मूळ दोषासाठी इंजेक्शन दिले, तो दोष सध्या कोणत्या अवस्थेत आहे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर अंदाजावर सोडून केलेली शस्त्रक्रिया रुग्णाला आगीतून फुफाट्यात टाकू शकते, कारण स्वरतंतूचा कंपन पावणारा थर एकदा व्रणाने घट्ट झाला, की तो पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय आजही उपलब्ध नाही.

श्वास अडत असेल तर बाकी सारे नंतर

श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघरीचा आवाज येत असेल, झोपल्यावर गुदमरल्यासारखे होत असेल, गळ्याला वाढती सूज किंवा ताप असेल, लाळसुद्धा गिळता येत नसेल, तर पुढचे काहीही वाचत न बसता थेट तातडीच्या विभागात जावे. इंजेक्शननंतरच्या पहिल्या काही तासांत आणि दिवसांत असे घडण्याची मुख्य कारणे म्हणजे प्रमाणाबाहेर टोचलेला पदार्थ, तंतूत झालेला रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा पदार्थाविरुद्ध उठलेली तीव्र दाहाची प्रतिक्रिया. अशा वेळी डॉक्टर प्राणवायू, शिरेतून स्टेरॉइड आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविके देतात. श्वासमार्ग फारच अरुंद झाला असेल तर नळी घालावी लागते, क्वचित गळ्यावर छेद देऊन श्वासनलिकेला वाट काढून द्यावी लागते. आवाजाचे काय करायचे हा विचार श्वास सुरक्षित झाल्यावरच करायचा असतो. दाखल करताना इंजेक्शन कधी आणि कशाचे दिले हे घरच्यांपैकी कोणी तरी आवर्जून सांगावे, कारण तोवर रुग्णाला बोलणे जमेलच असे नाही.

बिघाड नेमका कुठे होतो, हे समजून घ्या

जपानी तज्ज्ञ मिनोरू हिरानो यांनी १९७४ मध्ये स्वरतंतूची जी रचना मांडली, तिच्यावर आजची सारी आवाजाची शस्त्रक्रिया उभी आहे. तंतूच्या पोटात स्नायू असतो, त्याच्यावर घट्ट धाग्यांचा अस्थिबंध असतो आणि सर्वांत वर नाजूक त्वचा व तिच्याखालचा मऊ, जेलीसारखा थर असतो. हा वरचा थर मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि अंगावरच्या सैल अंगरख्यासारखा खालच्या भागावर सरकतो. पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला शंभराच्या आणि स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास वेळा ही हालचाल होते आणि तिच्यातूनच स्वर निघतो.

भरीव पदार्थाची योग्य जागा या थरापासून दूर, खोलवर स्नायूत किंवा त्याच्याही बाहेरच्या अंगाला, तंतूच्या मागच्या भागाजवळ असते. तिथे तो गुपचूप पडून राहतो आणि पुढच्या तंतूला फक्त आधार देतो. सुई दोन मिलिमीटर जरी वर राहिली तरी पदार्थ वरच्या मऊ थरात पसरतो. मग तो थर जड आणि कडक होतो, कंपन थांबते आणि माणूस जोर लावूनही दाबलेलाच आवाज काढू शकतो. दुरुस्तीसाठी येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, कारण यात वेळ दवडल्यास व्रण पक्का होतो.

दुसरा प्रकार प्रमाणाचा. जागा बरोबर असते, पण पदार्थ जास्त भरलेला असतो. तंतू फुगून मध्यरेषेपलीकडे जातो, आवाज घट्ट येतो आणि जिना चढताना दम लागतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. काही पदार्थांत पाण्याचा अंश असतो आणि चरबीचा काही भाग शरीर शोषून घेते, म्हणून डॉक्टर मुद्दामच थोडे जास्त भरतात. त्यामुळे पहिले काही दिवस, आणि चरबीच्या बाबतीत काही आठवडे, आवाज दाबलेला राहणे अपेक्षितच असते. ती गुंतागुंत नव्हे. क्वचित भरलेली चरबी पुढे रुग्णाचे वजन वाढल्यावर स्वतःही वाढलेली आढळते.

तिसरा प्रकार म्हणजे परकीय पदार्थाभोवती शरीराने उभारलेली दाहक गाठ, अर्थात ग्रॅन्युलोमा. याचा इतिहास जुना आहे. विल्हेल्म ब्रुनिंग्स यांनी १९११ मध्ये लुळ्या तंतूत पॅराफिन टोचण्याची पद्धत मांडली आणि पॅराफिनच्या गाठींमुळे ती मागे पडली. गॉडफ्री अर्नोल्ड यांनी १९६२ मध्ये टेफ्लॉनची पेस्ट वापरात आणली. ती कित्येक वर्षे लोकप्रिय होती, पण टेफ्लॉनचे कण शरीरात विरघळत नाहीत, त्यांच्याभोवती पेशी जमत राहतात आणि गाठ इंजेक्शननंतर अनेक वर्षांनीसुद्धा डोके वर काढते. ज्यांना फार पूर्वी इंजेक्शन मिळाले आणि आता वयाच्या उत्तरार्धात आवाज पुन्हा बिघडला, त्यांनी ही शक्यता डॉक्टरांना स्वतःहून सांगावी. आजचे पदार्थ बरेच सौम्य आहेत, तरी कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइटभोवतीही अशी गाठ झाल्याची उदाहरणे आहेत आणि हायल्युरॉनिक ॲसिडमुळे काही रुग्णांत काही तासांपासून काही आठवड्यांत लालसर सूज येते.

याशिवाय पदार्थ तंतूच्या खाली किंवा वरच्या पोकळीत सरकणे, अपुरा पडणे, आणि इंजेक्शन अगदी बरोबर असूनही मूळ फट मागच्या बाजूला इतकी मोठी असणे की इंजेक्शनने ती भरूच नये, असेही घडते. शेवटच्या बाबतीत बिघाड इंजेक्शनचा नसतो, निवडीचा असतो. तिथे पदार्थ काढून काही साधत नाही.

पहिले पाऊल: जुने कागद गोळा करा

हे काम कंटाळवाणे वाटते, पण दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी यापेक्षा उपयोगाचे काही नाही. डिस्चार्ज कार्डवर बहुधा फक्त ‘स्वरतंतू इंजेक्शन’ एवढेच लिहिलेले असते, म्हणून शस्त्रक्रियेच्या सविस्तर टिपणाची प्रत मागावी. त्या टिपणात पदार्थाचे नाव, किती मिलिलिटर टोचला, कोणत्या बाजूला, तोंडातून की गळ्याच्या पुढच्या बाजूने, भूल देऊन की जागेपणी, हे सारे असते. पदार्थाच्या वेष्टनावरचा छापील चिकटपट्टा अनेकदा केसपेपरला लावलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवावा. इंजेक्शनच्या आधीचे आणि नंतरचे दुर्बिणीचे व्हिडिओ मिळाले तर सोन्याहून पिवळे, कारण लेखी अहवालापेक्षा कंपनाचे चलचित्र तज्ज्ञाला कितीतरी अधिक सांगते.

सोबत एक साधा घटनाक्रम स्वतः लिहावा: आवाज मुळात कधी आणि कशाने गेला, उदाहरणार्थ थायरॉइडची, छातीची किंवा मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया, विषाणूचा आजार किंवा नळी घालून ठेवलेले दिवस, इंजेक्शननंतर पहिल्या आठवड्यात आवाज कसा होता, बिघाड लगेच जाणवला की काही काळ बरे गेल्यावर. या शेवटच्या तपशिलाला फार वजन आहे. इंजेक्शनच्या दिवसापासूनच आवाज बंद असेल तर जागा किंवा प्रमाण चुकल्याचा संशय येतो, चांगले गेल्यावर सूज आली असेल तर दाहाचा, आणि आवाज हळूहळू पुन्हा फुसका झाला असेल तर बहुधा पदार्थ विरघळला आहे. यातल्या तिसऱ्या स्थितीत दुरुस्ती लागतच नाही. हवे तर दुसरे इंजेक्शन किंवा कायमचा उपाय निवडायचा असतो.

फोनवर महिन्याला एकदा तोच परिच्छेद वाचून ध्वनिमुद्रण करून ठेवले तर पुढे शस्त्रक्रियेचा फायदा झाला की नाही, हे स्मरणावर अवलंबून राहत नाही.

दुसरे पाऊल: योग्य तपासण्या

सर्वसाधारण कान-नाक-घसा तपासणीत तंतू हलतो की नाही हे कळते, कंपन कळत नाही. त्यासाठी व्हिडिओ स्ट्रोबोस्कोपी लागते. यात लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे वेगवान कंपन संथ झाल्यासारखे दिसते आणि तंतूच्या कडेवरून सरकणारी लाट पाहता येते. पदार्थ वरच्या थरात असेल तर त्या जागी लाट एकदम थबकते. फुगवटा दिसतो, कधी त्वचेखाली पांढुरका किंवा पिवळसर साठाही दिसतो. फुगवटा आहे पण लाट त्याच्यावरून मोकळी सरकते आहे, असे दिसले तर पदार्थ खोल आहे आणि अडचण बहुधा प्रमाणाची आहे. शस्त्रक्रियेचा मार्ग या एका निरीक्षणावर ठरतो, त्यामुळे स्ट्रोबोस्कोपीशिवाय कोणी दुरुस्तीची तारीख देत असेल तर दुसरे मत घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

खोल साठा, गाठ किंवा सरकलेला पदार्थ शोधायला सीटी स्कॅन उपयोगी पडतो. टेफ्लॉन आणि कॅल्शियमयुक्त पदार्थ त्यात ठळक पांढरे दिसतात, चरबी तिच्या गडद छटेवरून ओळखू येते. एक धोक्याची खूण येथेच सांगतो. जुन्या टेफ्लॉनच्या गाठीत दाह चालू असल्याने ती पेट स्कॅनमध्ये चमकते आणि कर्करोगासारखी भासते. इंजेक्शनचा इतिहास अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचला नाही तर विनाकारण घबराट आणि विनाकारण तुकडा तपासणी पदरी पडते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. वाढत्या गाठीला जुने इंजेक्शन म्हणून सोडून देऊ नये. शंका असेल तिथे तुकडा तपासावाच.

मूळ कारण लुळेपणाचे असेल आणि त्याला वर्ष उलटले नसेल तर स्वरयंत्राच्या स्नायूंची ईएमजी, म्हणजे स्नायूंतले विद्युत संकेत मोजणारी तपासणी, मज्जातंतू सावरतो आहे का याचा अंदाज देते. आवाजाचे मोजमापही करून घ्यावे. एका श्वासात ‘आ’ किती सेकंद धरता येतो, हे अगदी साधे माप आहे आणि दहा सेकंदांच्या आत आले तर हवा निसटते आहे असे समजतात. आवाजामुळे होणाऱ्या अडचणींची दहा प्रश्नांची, चाळीस गुणांची प्रश्नावलीही भरून घेतात. तिच्यात अकराच्या वर गुण आले तर त्रास लक्षणीय मानला जातो.

तिसरे पाऊल: थांबायचे की हात घालायचा

येथे घाई आणि दिरंगाई दोन्ही नडतात, आणि निर्णय पदार्थावर फिरतो.

जिलेटिनचा स्पंज चार ते सहा आठवड्यांत विरतो. कार्बॉक्सिमिथिलसेल्युलोजची जेल साधारण दोन-तीन महिने टिकते. हायल्युरॉनिक ॲसिड बहुधा चार ते सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ राहते. हे पदार्थ खोल बसले असतील, श्वास मोकळा असेल आणि केवळ प्रमाण जास्त असेल तर थांबणे हाच उत्तम उपचार. मधल्या काळात स्पीच थेरपिस्टची मदत घ्यावी, म्हणजे रुग्ण जोर लावून बोलण्याची नवी वाईट सवय लावून घेत नाही. हायल्युरॉनिक ॲसिड वरच्या थरात गेले असेल किंवा त्याची सूज आली असेल, तर हायल्युरोनिडेज नावाचे विकर टोचून ते विरघळवता येते. शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी हा पर्याय तज्ज्ञाला जरूर विचारावा. मात्र या विकराचीही ॲलर्जी होऊ शकते, म्हणून ते पुरेशा तयारीनेच द्यावे लागते.

कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइटची गोष्ट वेगळी आहे. ते वर्ष-दीड वर्ष टिकते आणि त्याला विरघळवणारे औषध नाही. वरच्या थरात गेलेले असे कण ‘होईल हळूहळू कमी’ म्हणून वर्षभर ठेवले तर त्या वर्षात व्रण आपले काम करून मोकळा होतो. त्यामुळे स्ट्रोबोस्कोपीत लाट थांबलेली आणि वरच्या थरात साठा स्पष्ट दिसत असेल, तर लवकर काढणे हिताचे असते. सुई चुकल्याचे इंजेक्शन देतानाच लक्षात आले, तर त्याच बैठकीत छोटा छेद देऊन पदार्थ पिळून किंवा शोषून काढणे सर्वांत सोपे जाते. चरबी वरच्या थरात अडकली असेल तर तीही काढावी लागते, पण खोल बसलेल्या चरबीला आधी काही महिने स्थिरावू द्यावे. टेफ्लॉन, पॅराफिन आणि सिलिकॉन मात्र कधीच जात नाहीत. त्यांच्या बाबतीत त्रास आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

दाहाच्या सुजेवर आधी स्टेरॉइडचा छोटा कोर्स देऊन पाहतात, संसर्गाची शंका असेल तर प्रतिजैविक देतात. सूज असताना चिरफाड केली तर थर एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि नको तो भाग कापला जाण्याची भीती वाढते.

चौथे पाऊल: कोणती शस्त्रक्रिया, आणि ती नेमकी कशी होते

वरच्या थरातला किंवा तंतूच्या वरच्या अंगाला असलेला साठा तोंडातून, सूक्ष्मदर्शकाखाली काढतात. पूर्ण भूल दिलेली असते. श्वासाची नळी मुद्दाम बारीक, पाच-सहा मिलिमीटर व्यासाची वापरतात, म्हणजे तंतू दिसायला जागा मिळते. धातूची पोकळ नळी जिभेवरून स्वरयंत्रापर्यंत नेऊन आधाराला टांगतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून शल्यविशारद तंतू पाहतात. आधी वीस सेंटिमीटरहून लांब हत्याराच्या बोथट टोकाने तंतू चाचपला जातो. मऊ भागातून टोक पुढे सरकता सरकता जिथे रेतीसारखे कडक लागते, तिथे साठा आहे हे हाताला कळते. मग छेद तंतूच्या कंपन पावणाऱ्या कडेवर न देता वरच्या पृष्ठभागावर, बाहेरच्या बाजूला देतात. त्वचेचा पातळ पडदा उचलून त्याखालचे पांढरे, दाणेदार कण बारीक चिमट्याने आणि शोषकाने वेचतात, पडदा परत जागेवर पसरतात. टाका बहुधा लागत नाही.

हे वेचणे किती करायचे, यातच शल्यविशारदाचा कस लागतो. सगळे कण निघालेच पाहिजेत, अशी अपेक्षा रुग्णाने ठेवू नये. अस्थिबंधात रुतलेला कण ओढून काढताना अस्थिबंध फाटला तर नुकसान कणापेक्षा मोठे होते. थोडे अवशेष ठेवून पडदा मोकळा सरकेल इतके काम करणे हे अनेकदा शहाणपणाचे असते, आणि ‘पूर्ण काढू’ असे छातीठोक आश्वासन देणाऱ्यापेक्षा ‘जमेल तितके काढू, कड जपू’ असे म्हणणारा डॉक्टर मला अधिक विश्वासाचा वाटतो.

खोलवरची मोठी गाठ, विशेषतः टेफ्लॉनची, तोंडातून पूर्ण निघणे कठीण असते. पूर्वी ती कार्बन डायऑक्साइड लेसरने वरून जाळून कमी करत. गाठीचा आकार त्याने घटतो, पण मुळे खाली राहतात आणि वरची त्वचा होरपळते. म्हणून अशा गाठी गळ्यावर आडवा छेद घेऊन, स्वरयंत्राच्या कूर्चेला खिडकी पाडून, बाहेरून काढण्याचा मार्ग अनेक तज्ज्ञ पसंत करतात. त्यात कंपन पावणारी कड आतल्या बाजूला अखंड राहते. गाठ निघाल्यावर उरलेली पोकळी गळ्यातल्या स्नायूच्या पट्टीने किंवा चरबीने भरावी लागते, नाहीतर तंतू आत ओढला जातो.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, ज्याचा रुग्णांना बहुधा विसर पडतो. पदार्थ काढला, की लुळ्या तंतूची जुनी फट पुन्हा उघडी पडते. दाबलेला आवाज जाऊन फुसका आवाज परत येतो आणि शस्त्रक्रिया फसली असे वाटते. वास्तविक तिने आपले अर्धे काम केलेले असते. उरलेल्या अर्ध्यासाठी नोबुहिको इस्शिकी यांनी १९७४ मध्ये मांडलेली थायरोप्लास्टी हा भरवशाचा मार्ग आहे. कूर्चेच्या खिडकीतून सिलिकॉनचा ठोकळा किंवा गोर-टेक्सची पट्टी घालून तंतू बाहेरून मध्यरेषेकडे ढकलतात. ही शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून, हलकी गुंगी देऊन करतात. मध्येच रुग्णाला आकडे मोजायला सांगतात आणि आवाज ऐकत ठोकळ्याची जाडी ठरवतात. मागची फट मोठी असेल तर जोडीला मागच्या छोट्या कूर्चेला टाक्याने फिरवून जागेवर आणतात. गळ्यातल्या दुसऱ्या मज्जातंतूची फांदी लुळ्या तंतूच्या मज्जातंतूला जोडणे हाही पर्याय आहे, विशेषतः तरुण रुग्णांत. त्याचा परिणाम दिसायला काही महिने जातात.

काढणे आणि सरकवणे एकाच वेळी करावे का? बाहेरच्या मार्गाने टेफ्लॉन काढताना बहुधा दोन्ही एकत्र करता येतात. तोंडातून वरचा थर मोकळा केला असेल तर मात्र सूज उतरून कड भरून येईपर्यंत, म्हणजे काही महिने, थांबणे बरे, कारण फट किती आहे हे त्यानंतरच खरेपणाने कळते. लुळेपणा नवा असेल तर मज्जातंतू सावरण्यासाठी साधारण ९ ते १२ महिने दिल्याशिवाय कायमचा उपाय करत नाहीत.

पाचवे पाऊल: संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

इंजेक्शन देणे आणि बिघडलेले इंजेक्शन दुरुस्त करणे ही सारख्या कौशल्याची कामे नव्हेत. दुसरे काम नेहमी करणारे, आवाजाच्या शस्त्रक्रियेचे खास प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ शोधावेत, त्यासाठी दूर जावे लागले तरी जावे. पहिल्या डॉक्टरांबद्दल मनात राग असला तरी त्यांच्याकडून माहिती घेणे थांबवू नये. ते टिपण देतील तेवढी दुरुस्ती सुरक्षित होईल.

भेटीत विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत. माझ्या स्ट्रोबोस्कोपीत पदार्थ कोणत्या थरात दिसतो, ते मला पडद्यावर दाखवाल का? काढल्यानंतर फट परत आली तर पुढची योजना काय? शस्त्रक्रिया केलीच नाही तर सहा महिन्यांनी काय होईल? आत पाहिल्यावर व्रण अधिक निघाला तर कुठे थांबाल? आणि माझे सध्याचे काम, मग ते शिकवणे असो, गाणे असो वा दिवसभर फोनवर बोलणे, कधी सुरू करता येईल? ध्येय कोणते हेही दोघांनी मिळून ठरवावे. ठसका थांबवणे, श्वास मोकळा करणे आणि पूर्वीचा गाता गळा परत मिळवणे ही तीन वेगवेगळी ध्येये आहेत. पहिली दोन बहुधा साधतात, तिसऱ्याची खात्री कोणी देऊ नये आणि घेऊही नये.

तोंडातून होणाऱ्या शस्त्रक्रियेत दाताला इजा, ओठ सुजणे, जिभेला काही आठवडे बधिरपणा किंवा चव बदलणे असे त्रास होऊ शकतात. बाहेरच्या मार्गात रक्तस्राव, सूज, संसर्ग आणि ठोकळा सरकणे हे धोके आहेत.

सहावे पाऊल: तयारी

हलणारा दात, कॅप, मान मागे वळवताना होणारा त्रास, घोरणे आणि आधीच्या भुलेचा अनुभव भूलतज्ज्ञांना सांगावा. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत. ती ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांशी शल्यविशारदांनी बोलून ठरवावे. धूम्रपान थांबवलेच पाहिजे, याला पर्याय नाही. आम्लपित्त घशापर्यंत येत असेल तर त्यावर आधीपासून उपचार घ्यावा. भुलेपूर्वी सहा तास घन आहार आणि दोन तास पाणीही बंद, हा सर्वसाधारण नियम असतो, तरी आपल्या रुग्णालयाची सूचना पाळावी. स्पीच थेरपिस्टची किमान एक भेट शस्त्रक्रियेच्या आधीच घ्यावी. आवाज बंद असताना व्यायाम समजून घेणे अवघड जाते.

सातवे पाऊल: नंतरचे आठवडे

तोंडातून कड मोकळी केली असेल तर बहुतेक तज्ज्ञ तीन ते सात दिवस पूर्ण मौन सांगतात. पूर्ण मौन म्हणजे कुजबुजसुद्धा नाही, कारण जोर लावून केलेल्या कुजबुजीतही स्वरयंत्र आवळले जाते. खाकरणे हे बोलण्याहून वाईट. घसा साफ करावासा वाटला की पाण्याचा घोट घ्यावा. मौन संपले की एकदम गप्पांना सुरुवात न करता दिवसातून काही मिनिटे, मग थोडी जास्त, असे वाढवावे. बारीक नळीतून स्वर काढण्याचा व्यायाम या टप्प्यावर फार उपयोगी ठरतो. नळीमुळे तयार होणारा दाब तंतूंना अलगद दूर ठेवतो आणि कड न आदळता कंप पावते. परत बसवलेला त्वचेचा पडदा खाली चिकटू नये यासाठी ही हलकी हालचाल योग्य वेळी सुरू होणे महत्त्वाचे, म्हणून महिनाभर भीतीपोटी गप्प राहणेही बरे नाही.

स्ट्रोबोस्कोपी पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, मग साधारण सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी करतात. व्रण पक्व व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. त्याआधीच्या आवाजावरून अंतिम निकाल लावू नये. थायरोप्लास्टीनंतर सुजेमुळे आवाज काही दिवस उलट दाबलेला येतो, तो उतरतो. मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत श्वासाला त्रास, गळ्याच्या छेदाखाली फुगणारी गाठ किंवा तोंडातून ताजे रक्त आले तर रात्र काढू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

वर्षानंतरही लाट परतली नसेल तर तंतूत स्टेरॉइड टोचणे, विशिष्ट लेसर वापरणे, चरबी किंवा स्नायूवरच्या आवरणाची पट्टी त्वचेखाली ठेवणे असे उपाय केले जातात. त्यांचे फळ रुग्णागणिक बदलते आणि प्रत्येक नव्या छेदाबरोबर नवा व्रण येतो. म्हणून तिसऱ्या शस्त्रक्रियेआधी थेरपीचा पुरता कालावधी द्यावा, आणि आवाजवर्धक यंत्रासारख्या साध्या साधनाने रोजचे काम भागते का हे पाहण्यात कमीपणा मानू नये.

थायरोप्लास्टीचा ठोकळा बसवला असेल किंवा जुन्या पदार्थाचे अवशेष आत राहिले असतील, तर त्याची एक ओळीची नोंद पाकिटात ठेवावी. पुढे कधीही, कोणत्याही कारणासाठी पूर्ण भूल घ्यावी लागली तर ती नोंद भूलतज्ज्ञांना दाखवावी, म्हणजे ते बारीक नळी निवडतील आणि ती हलक्या हाताने घालतील. मानेचा सीटी किंवा पेट स्कॅन करताना हीच नोंद अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या हाती द्यावी.